दगडातलं पाणी

शर्वरी खैरनार कशावर संशोधन करते हे एकदा कळलं की लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारचा माणूस हळूच दुसरी खुर्ची शोधत असे. जगात जिथे जिथे मोठी आर्थिक अरिष्टं आली, बँका बसल्या, रोखे कागदाच्या किमतीचे झाले, तिथे ते येणार हे सर्वांत आधी कुणाला कळलं होतं, आणि कळल्यावर तो माणूस किती काळ गप्प बसला, एवढंच ती वीस वर्षं शोधत होती.

असा माणूस प्रत्येक अरिष्टात सापडतोच. बहुधा तो कुणी मोठा नसतो. एखादा तपासनीस, एखादी आकडेशास्त्रज्ञ, विमा कंपनीतला कुणी कारकून. शर्वरी त्याला 'पहिला जाणता' म्हणे, आणि त्याला कळल्यापासून तो बोलेपर्यंतच्या काळाला 'मौनकाळ'. तिच्या तक्त्यात सदतीस अरिष्टं होती. सरासरी मौनकाळ एकोणीस महिने, सर्वांत कमी त्रेपन्न दिवस. मौनाच्या प्रत्येक महिन्यागणिक नुकसान कसं वाढत जातं, याचं तिने काढलेलं गणित आता परदेशातल्या पाठ्यपुस्तकांतही शिकवलं जात होतं.

हयात असलेल्या बावीस जाणत्यांना ती स्वतः जाऊन भेटली होती. पहिला प्रश्न ठरलेला असे: तुम्हाला कळलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? बावीसपैकी एकवीस जणांनी जवळजवळ एकच उत्तर दिलं होतं. पुन्हा एकदा तपासून पाहायचं ठरवलं. हे वाक्य ती व्याख्यानाच्या शेवटी सांगत असे. सभागृह हसे, आणि तीही हसे.

तिचं दुसरं काम जरा जास्त उपयोगाचं होतं, आणि आपल्या गोष्टीतलं घोडं तिथेच पेंड खातं.

२०३८ साली जलमापी आला. बोअरमध्ये सोडायची हातभर लांबीची नळी. तिच्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या खडकात शिरतात. त्यांचं वागणं कॅरमच्या स्ट्रायकरसारखं असतं. स्ट्रायकर पाटाच्या कडेवर आपटला तर त्याच वेगाने परत येतो, पण आपल्याच वजनाच्या दुसऱ्या स्ट्रायकरवर समोरासमोर आदळला तर जागच्या जागी थांबतो. खडकातले जड अणू म्हणजे पाटाची कड. हायड्रोजनचा अणू मात्र न्यूट्रॉनच्याच वजनाचा. जिथे हायड्रोजन जास्त तिथे न्यूट्रॉन लवकर मंदावतात, आणि जमिनीखाली हायड्रोजन म्हणजे पाणी. मंदावलेले न्यूट्रॉन मोजले की पाणी मोजलं गेलं. एक थेंबही उपसावा लागत नाही.

या मापनावर शर्वरीने सूत्र बसवलं. जमिनीखाली जितकं पाणी गाव राखेल, तितका निधी सरकार दरवर्षी देईल. त्या येणाऱ्या निधीच्या भरवशावर गावाने आजच जलरोखे विकावेत आणि दवाखाना, शाळा, काय हवं ते बांधावं. किती पाण्यावर किती रोखे, हे ठरवणारं गणित म्हणजे खैरनार सूत्र. सहा वर्षांत राज्यातल्या चारशे नगरपालिकांनी ते वापरलं. शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या निवृत्तिनिधीने हे रोखे डोळे मिटून घेतले, कारण मापी खोटं बोलत नाही. पाणी उपसलं तर निधी कमी होतो, म्हणून कुणी उपसत नव्हतं. सगळे धरणाचं पाणी पीत होते आणि जमिनीखालचं राखत होते.

धामणखेड हे तिचं खानदेशातलं माहेर. तिथला नगराध्यक्ष तिचा धाकटा भाऊ भूषण होता. घरात त्याला बापू म्हणत. बापूला बहिणीचं कौतुक जरा जास्तच होतं. नगरपालिकेच्या पायरीवर त्याने संगमरवरात कोरून घेतलं होतं, 'खैरनार सूत्रानुसार जलसमृद्ध नगर'. कुणी विचारलं तर तो सांगे, सूत्र सरकारचं असेल, खैरनार आमच्या घरातले.

तर त्या वर्षी, २०४४ च्या एप्रिलमध्ये, नाशिकच्या संस्थेत रेहाना तडवी तिच्या खोलीत चहा प्यायला आली. रेहाना भूविज्ञान विभागातली, वीस वर्षांपासूनची मैत्रीण. शर्वरीच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक गारगोटी ठेवलेली असे. काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या, मोत्यासारख्या चमकणाऱ्या स्फटिकांचे गुच्छ. धामणखेडच्या बोअरचं काम चालू असताना बापूने ती उचलून आणून दिली होती.

रेहानाने ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, ही कुठली. मग एक कपची काढून घेऊन गेली. अर्ध्या तासाने तिने शर्वरीला प्रयोगशाळेत बोलावलं. काचनळीत ती कपची होती आणि खाली ज्योत. नळीच्या थंड टोकाला आतून पाण्याचे थेंब जमत होते.

"दगडाला घाम सुटलाय," रेहाना म्हणाली. "झिओलाइट आहे. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडतो. शंभर ग्रॅममध्ये सतरा ग्रॅम पाणी, पण ते स्फटिकाच्या घरात अडकलेलं. तापवलं तरच बाहेर येणार. पंपाने नाही." तिने ज्योत बंद केली. "तुझी ती नळी हे पाणी कसं ओळखते गं?"

उत्तर शर्वरीला लगेच कळलं. नळी ओळखत नाही. नळी फक्त हायड्रोजन मोजते. तो विहिरीतला की दगडातला, हे तिला कोण सांगणार?

खोलीत परतून तिने आपलाच जुना निबंध उघडला. सूत्र बसवताना सोळा बोअर प्रत्यक्ष उपसून पाहिल्या होत्या. चौदांमध्ये मापी आणि पंप यांचा मेळ बसला होता, दोहोंमध्ये नाही. पान अकरावर, तळटिपेत, तिनेच लिहिलं होतं: दोन निरीक्षणं नोंदीतील चुकीमुळे वगळली आहेत. अर्थशास्त्रात असं करतात. सोळांपैकी दोन ठिपके रेषेपासून लांब पडले तर ते पुसून टाकतात, आणि ते पुसले म्हणून खाली प्रामाणिकपणे लिहितात. मग कोणी विचारत नाही.

तिने त्या दोन बोअरचे मूळ कागद शोधून काढले. पंपावरच्या माणसाने पेन्सिलने लिहिलं होतं, 'मीटर भरलेला, बोअर कोरडी.' तेव्हा ते वाचून ती हसली होती. माणूस प्यायलेला असेल, असं कोणीतरी म्हणालंही होतं. दोन्ही बोअर खानदेशातल्या होत्या, उरलेल्या चौदा बाहेरच्या.

हा पहिला दिवस.

शर्वरीला काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. आपण तक्त्यातल्या अडतिसाव्या जाणत्या आहोत हे तिला त्याच संध्याकाळी कळलं. आणि तरीही तिने जे केलं ते अगदी शहाण्यासारखं केलं. एका कपचीवर चारशे गावांबद्दल बोलायचं नसतं. अर्धवट बातमी फुटली तर रोखे कोसळतील, आणि उद्या चूक तिची निघाली तर परिचारिकांच्या निवृत्तिनिधीचं पातक तिच्या माथी. तिने राज्यातल्या, असाच खडक असलेल्या बारा ठिकाणच्या बोअरमधून निघालेले दगड मागवले. रेहाना म्हणाली, तपासायला दहा दिवस लागतील. घाई नव्हती. त्या रोख्यांचं त्या दहा दिवसांत काही होणार नव्हतं, आणि हे तिचं गणित बरोबरच होतं.

आठव्या दिवशी बापू तिला न्यायला आला.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणायचं. शर्वरी शेहेचाळीस वर्षांची, स्वतः गाडी चालवणारी, तीन विद्यापीठांची मानद सल्लागार होती, पण आखाजीला मुराळी आल्याशिवाय ती हलत नसे. हा हट्ट तिचा होता की बापूचा, हे आता दोघांनाही आठवत नव्हतं.

गाडीत बापू खुशीत होता. धरणातल्या पाण्याचं धामणखेडचं आरक्षण खालच्या औद्योगिक शहराला तीस वर्षांसाठी सोडून द्यायचं, हे तिला माहीत होतं. जमिनीखाली एवढं पाणी असल्यावर धरणाचं कशाला अडवून ठेवायचं? मोबदल्यात गावाला महाविद्यालय मिळणार होतं. करार मे महिन्याच्या अखेरीस व्हायचा होता. बापूने सांगितलं की मंत्र्यांना मेमध्ये वेळ नाही, म्हणून उद्याच उरकतो आहोत. आखाजीसारखा मुहूर्त नाही. आणि साक्षीदार म्हणून सही तिची.

शर्वरीने गाडीची काच खाली केली. बाहेरची झळ तोंडावर आली, तेव्हा तिने ती पुन्हा वर केली. बापूने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, गरम होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात घागरीची पूजा होती. आखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात आणि तिच्या तोंडावर खरबूज ठेवतात. गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात तहान लागते, एवढाच त्यामागचा विचार. वहिनी सांजोऱ्या तळत होती. अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. बापू घागर भरत असताना शर्वरी त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"बापू, आजची सही आठ दिवस पुढे ढकलता येईल?"

त्याचा तांब्या घागरीच्या तोंडाशीच थांबला. "का गं?"

"काही तपासण्या चालू आहेत. मापीच्या."

"चुकीचा आहे का मापी?"

"अजून सांगता येत नाही."

त्याने तांब्या खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, मंत्री निघू राहिले तिकडून. मांडव उभा आहे. तरी तू नुसतं 'थांब' म्हण, मी थांबवतो. कारणबिरण नको मला. तू म्हटलं, संपलं."

त्या क्षणी शर्वरीच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिला भीती वाटली, पण गावाची नाही. तिला वाटलं, आपण 'थांब' म्हटलं तर तो आपल्या शब्दावर थांबेल, पुराव्यावर नाही. वीस वर्षं तिने विद्यार्थ्यांना हेच शिकवलं होतं की नात्यातल्या माणसाचा शब्द हा पुरावा नव्हे. उद्या बाराही नमुने चांगले निघाले तर? बहिणीच्या शंकेवरून गावाचं महाविद्यालय बुडवलं, असं त्याला जन्मभर ऐकावं लागेल. हे सगळं खरं होतं. खऱ्या कारणांची तिला कधीच वाण नव्हती.

"तसं मला म्हणता येणार नाही, बापू," ती म्हणाली. "आकडे परवा येतील."

"म्हणजे आज चूक आहे असं नाही."

"आज काहीच सांगता येत नाही."

बापूने राहिलेलं पाणी घागरीत ओतलं आणि वर खरबूज ठेवलं. "मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. बहीण एवढी काटेकोर आहे म्हणूनच तर सूत्र एवढं पक्कं, असं काहीतरी तो वहिनीला सांगत आत गेला.

अकरा वाजता मांडवात करार झाला. बापूने सही केली, जलसंपदा विभागाच्या अधिकाऱ्याने केली. साक्षीदाराच्या जागी शर्वरीचं नाव छापलेलंच होतं. तिने सही करायला नकार दिला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. तिने सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी तिच्या हातात नारळ दिला.

अकराव्या दिवशी रेहानाचे आकडे आले. बारापैकी नऊ ठिकाणी मापीने मोजलेल्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं दगडात अडकलेलं होतं. धामणखेडला सर्वांत जास्त, दहापैकी आठ भाग. शर्वरीने तासाभरात सगळं जाहीर केलं, आपल्या तळटिपेसकट. काहीही लपवलं नाही.

रोखे एक तृतीयांश घसरले. बाजार तीन दिवस बंद ठेवला गेला. सरकारने हमी दिली, मापीत सुधारणा झाली, रोखे नव्या आकड्यांवर बेतले गेले. निवृत्तिनिधीला खरचटलं, पण तो वाचला. तिच्याच गणितानुसार ही गोष्ट एकोणीस महिन्यांनी बाहेर आली असती तर राज्यातले दोन लाख लोक म्हातारपणी रिकाम्या हाताने घरी बसले असते. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. स्वतःची चूक अकरा दिवसांत स्वतःच जाहीर करणारी अर्थतज्ज्ञ लोकांनी कधी पाहिली नव्हती. तिला एक पदकही मिळालं.

धामणखेडने करार रद्द करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं की सहीच्या दिवशी मापी अधिकृत होता, त्याबाबत कोणतीही हरकत नोंदवलेली नव्हती, आणि साक्षीदार म्हणून स्वतः सूत्रकर्त्या हजर होत्या. धरणाचं पाणी वळवलं गेलं. नगरपालिकेने बोअर सुरू केल्या. सतरा दिवस पाणी आलं, मग गढूळ आलं, मग पंप नुसतेच खडखडत राहिले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? नळ आठवड्यातून एकदा, तोही टँकर आला तर. महाविद्यालयाची इमारत उभी राहिली, पण वसतिगृहाला पाणी नव्हतं, म्हणून मुली दुसऱ्या गावी शिकायला गेल्या.

बापूने राजीनामा दिला नाही. तो रोज पहाटे टँकरच्या फेऱ्या लावत हिंडे. पायरीवरचा संगमरवर मात्र त्याने स्वतः छिन्नी घेऊन काढला. बहिणीला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचा फोनच आला नाही.

जानेवारीत रेहाना शर्वरीच्या खोलीत आली ती प्रश्नावली घेऊन. तक्त्यात अडतिसावी ओळ भरायची राहिली होती, आणि नियमाप्रमाणे संशोधकाला स्वतःची मुलाखत स्वतः घेता येत नाही. रेहानाने ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि पहिला प्रश्न वाचला.

"तुम्हाला कळलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

शर्वरीने खिडकीबाहेर पाहिलं. "पुन्हा एकदा तपासून पाहायचं ठरवलं," ती म्हणाली.

दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

नंतर दोघींनी मिळून रकाने भरले. मौनकाळ: अकरा दिवस. तक्त्यातला सर्वांत कमी. शेवटचा रकाना मौनकाळात वाढलेल्या नुकसानीचा, राज्याच्या उत्पन्नाच्या टक्क्यांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. संगणकाने आकडा काढला: ०.००. रेहाना म्हणाली, चार दशांश स्थळं घेऊन बघायची का. शर्वरीने घेतली. तरी शून्यच आलं. चाळीस हजार लोकांचं गाव एवढ्या बारीक चाळणीतूनही खाली पडत होतं, आणि ती चाळणी शर्वरीनेच विणली होती. तिला तेव्हा रडू आलं. रेहानाने ध्वनिमुद्रण बंद केलं आणि बाहेर जाऊन चहा सांगितला.

पुढच्या आखाजीला दोन दिवस उरले होते. या वेळी मुराळी येणार नाही, हे शर्वरीने धरूनच ठेवलं होतं. तिने त्या दिवसाची एक बैठकही ठरवून टाकली होती. दुपारी फोन वाजला.

"ताई, उद्या येऊ राहिलो न्यायला," बापू म्हणाला. वर्षाने ऐकलेला आवाज थोडा बसलेला होता.

 ती म्हणाली, "बापू, मी त्या दिवशी 'थांब' म्हणायला हवं होतं."

 पलीकडून टँकरच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

"हो," बापू म्हणाला. "म्हणायला पाहिजे होतं." मग पुढे म्हणाला, "नऊपर्यंत पोचतो. वीस वीस लिटरचे दोन जार भरून ठेव. एक तुला प्यायला."

"आणि दुसरा?"

"दुसरा घागरीला."

फोन ठेवून शर्वरीने माळ्यावरून दोन जार काढले, स्वच्छ धुतले आणि पहिला नळाखाली लावला. पाणी चढत होतं. ते काठाशी येईपर्यंत ती शेजारी उभी राहिली, आणि या वेळी तिने काहीही मोजलं नाही.